न जुळणारे रीडिंग खोडू नका!

साध्या लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल, काहींना पुढे करायचा आहे. दोऱ्याला गोळी टांगायची, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचे. या प्रयोगाच्या वेळी प्रयोगशाळेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : “तुझा जी किती आला रे?” ज्याचा ९.८ आला तो निश्चिंत असतो. ज्याचा ९.१ आला तो इकडेतिकडे पाहतो, शेजाऱ्याची वही मागून घेतो, आणि पाच मिनिटांत त्याचाही जी ९.८ होतो! या पाच मिनिटांत लंबक एकदाही हललेला नसतो. हललेले असते ते फक्त खोडरबर.

मी विद्यार्थी असताना हे केलेले आहे. आता अनेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या हातून संशोधन होत नाही याचे मुख्य कारण उपकरणांचा अभाव हे नसून ते खोडरबर हे आहे. हे मत मी पुस्तकात वाचलेले नाही. ते मला एका द्रव स्फटिकाच्या टिपेने आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीने शिकवले. ती चूक कोणती हे मी तुम्हाला सांगणार आहे. पण त्याआधी द्रव स्फटिक म्हणजे काय ते पाहू. कारण या पदार्थांचा शोध लागला तोच मुळी एका न जुळणाऱ्या रीडिंगमुळे.

दोनदा वितळणारा पदार्थ

गोष्ट १८८८ सालची. प्राग शहरात फ्रीड्रिख रायनिट्झर नावाचा एक ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ काम करीत होता. लक्षात घ्या, वनस्पतिशास्त्रज्ञ! गाजरातून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलसारख्या पदार्थांचा तो अभ्यास करीत असे. त्याने कोलेस्टेरिल बेंझोएट हे संयुग तयार केले आणि त्याचा द्रवणांक मोजायला घेतला. शुद्ध पदार्थाला ठरावीक द्रवणांक असतो हे तुम्ही शिकला आहात. रायनिट्झरलाही हेच अपेक्षित होते. पण झाले भलतेच. १४५.५ अंश सेल्सिअसला स्फटिक वितळले खरे, परंतु त्यांचा झाला दुधासारखा गढूळ द्रव. पुढे तापवत गेल्यावर १७८.५ अंशाला तो द्रव एकाएकी स्वच्छ, पाण्यासारखा पारदर्शक झाला. थंड करताना निळे-जांभळे रंग चमकून गेले.

एका पदार्थाला दोन द्रवणांक! तुम्ही रायनिट्झरच्या जागी असता तर काय केले असते? “पदार्थात भेसळ असेल” असे म्हणून वहीतला एक आकडा खोडला असता की नाही? हा रंगांचा खेळ त्याच्या आधीही काही रसायनज्ञांच्या नजरेस आला होता, पण त्यांनी तो पुढे नेला नाही. रायनिट्झरने दोन्ही आकडे लिहून ठेवले. आपल्याला हे कोडे एकट्याने सुटणार नाही हे त्याने ओळखले आणि १४ मार्च १८८८ रोजी ओटो लेमान या जर्मन पदार्थवैज्ञानिकाला पत्र लिहून सोबत नमुने पाठवले. लेमानजवळ एक खास सूक्ष्मदर्शक होता. त्यात नमुना तापवता येत असे आणि ध्रुवित प्रकाशात पाहता येत असे. त्या गढूळ द्रवाने ध्रुवित प्रकाशावर केलेला परिणाम स्फटिकासारखा होता, आणि तरीही तो वाहत होता. १८८९ साली लेमानने ‘वाहणाऱ्या स्फटिकां’विषयी लेख प्रसिद्ध केला.

सगळ्यांनी ते लगेच मान्य केले असे मुळीच नाही. हा नुसता एकात एक न मिसळलेल्या द्रवांचा काला आहे, असे म्हणणारे मोठमोठे शास्त्रज्ञ होते. वाद कित्येक वर्षे चालला. पुढे १९२२ साली जॉर्ज फ्रिडेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने या अवस्थांचे नीट वर्गीकरण करून त्यांना नेमॅटिक, स्मेक्टिक आणि कोलेस्टेरिक अशी नावे दिली. तीच आपण आजही वापरतो.

कवायत, बाजार आणि दिंडी

द्रव स्फटिक म्हणजे नेमके काय? तीन दृश्ये डोळ्यांसमोर आणा. पहिले, शाळेच्या मैदानावरची कवायत. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि तोंडही एकाच दिशेला. हा झाला घन स्फटिक. दुसरे, आठवड्याचा बाजार. कोणाची जागा ठरलेली नाही आणि कोणाचे तोंड कुठे, याचा पत्ता नाही. हा झाला साधा द्रव. आता तिसरे दृश्य, पंढरीच्या वाटेवरची दिंडी. वारकरी चालता चालता पुढे-मागे होतात, रांगा मोडतात, कोणी वाटेत पाणी पिण्यास थांबतो. पण तोंड सगळ्यांचे पंढरपूरकडे! जागा ठरलेली नाही, दिशा मात्र ठरलेली आहे. नेमॅटिक द्रव स्फटिकातील लांबट, काडीसारखे रेणू अगदी असेच वागतात. म्हणून तो द्रवासारखा वाहतो आणि प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागतो.

प्रकाशाशी स्फटिकासारखा वागतो म्हणजे काय? पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ हा एकच आहे. प्रकाश कोणत्याही दिशेने पाठवा. पण जिथे सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत, तिथे प्रकाशाचे कंपन रेणूंच्या लांबीच्या दिशेने होत आहे की तिला आडवे, यावर प्रकाशाचा वेग अवलंबून असतो. साहजिकच अशा द्रवाला दोन वक्रीभवनांक असतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला ‘५ सीबी’ हा पदार्थ घ्या. साधारण खोलीच्या तापमानाला त्याचे वक्रीभवनांक सुमारे १.५३ आणि १.७१ आहेत. याच कुळातील पदार्थांच्या मिश्रणांमुळे घड्याळे आणि गणकयंत्रे यांचे टिकाऊ पडदे घरोघर पोहोचले.

५ सीबी सुमारे २४ अंशाला वितळून नेमॅटिक होतो आणि ३५ अंशाला साधा, स्वच्छ द्रव बनतो. म्हणजे आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाटलीतला द्रव स्फटिक नुसता बसल्या जागी आपले स्फटिकपण गमावून बसतो! पडद्यांमध्ये एकच पदार्थ न वापरता मिश्रणे वापरतात त्याचे एक कारण हेच आहे. त्यामुळे ती थंडीतही गोठत नाहीत आणि उन्हाळ्यातही टिकतात. तरीसुद्धा कडक उन्हात ठेवलेल्या गणकयंत्राचा पडदा कधी कधी सगळाच काळा पडतो आणि सावलीत आणल्यावर पुन्हा ठीक होतो. त्या वेळी आतली दिंडी मोडून तिचा बाजार झालेला असतो.

दोन ठिपके आणि माझी चूक

आता माझ्या चुकीकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी विषय घेतला होता : द्रव स्फटिकाच्या दोन वक्रीभवनांकांवर तापमानाचा परिणाम. तालुक्याच्या गावचे आमचे महाविद्यालय. महागडी उपकरणे नाहीत. पण या प्रयोगाला ती लागतही नाहीत. तिने दोन काचपट्ट्या घेतल्या. त्यांवर पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा पातळ लेप दिला. तो वाळल्यावर मखमलीच्या तुकड्याने एकाच दिशेने घासला. अशा घासलेल्या काचेला लागून द्रव स्फटिकाचे रेणू त्याच दिशेने आडवे होतात. मग दोन काचांच्या मध्ये एका बाजूला काचेचा लहानसा तुकडा ठेवून पाचरीसारखी फट तयार केली, फटीचा कोन २ अंश. त्या फटीत ५ सीबीचे काही थेंब सोडले. झाला आपला द्रवाचा लोलक तयार! पाचरीच्या पातळ कडेजवळून लेझरचा किरण पाठवला. तीन मीटरवरच्या भिंतीवर पाहतो तो एकाऐवजी दोन लाल ठिपके.

गणित तुम्हालाही करता येईल. लहान कोनाच्या लोलकाने किरण किती वळतो? वक्रीभवनांकातून एक वजा करा आणि लोलकाच्या कोनाने गुणा. १.५३ साठी उत्तर येते १.०६ अंश आणि १.७१ साठी १.४२ अंश. फरक ०.३६ अंश. तीन मीटरवर याचे होतात सुमारे १९ मिलिमीटर. साध्या मोजपट्टीने मोजता येतील इतके! ठिपक्यांसमोर पोलरॉइडचा तुकडा धरून फिरवला की एक ठिपका नाहीसा होतो. आणखी ९० अंशांनी फिरवला की तो परत येतो आणि दुसरा नाहीसा होतो. प्रकाशाचे ध्रुवण म्हणजे काय हे मी फळ्यावर तासभर समजावून सांगितले असते, तरी इतके पटले नसते.

मग तिने पाचर एका पितळी ठोकळ्यात बसवली, ठोकळा विजेच्या तारेने तापवण्याची सोय केली आणि ठोकळ्याच्या भोकात तापमापक ठेवला. तापमान वाढू लागले तसे दोन ठिपके हळूहळू एकमेकांजवळ सरकू लागले. उष्णतेने रेणूंची शिस्त ढिली होत जाते, म्हणून दोन वक्रीभवनांकांतला फरक कमी होतो. पण ठिपके अगदी शेवटपर्यंत सरकत सरकत मिळत नाहीत. थोडे अंतर शिल्लक असतानाच एका विशिष्ट तापमानाला दोन्ही नाहीसे होतात आणि त्यांच्या दरम्यान एकच नवा ठिपका उमटतो. नेमॅटिक अवस्था संपली, साधा द्रव झाला!

हा नवा ठिपका बरोबर मध्यावर मात्र नसतो. तो कमी वळलेल्या ठिपक्याच्या बाजूला असतो. का बरे? विचार करा. रेणूंची लांबी एका दिशेला असते. तिला आडव्या दिशा मात्र दोन असतात. शिस्त मोडून सगळे सारखे झाले की सरासरीत लहान वक्रीभवनांकाला दोन मते मिळतात आणि मोठ्याला एक.

आता पुढचे ऐका. हे तापमान ३५ अंश यायला हवे. ती माझ्याकडे वही घेऊन आली.

“सर, तापवताना ३८ ला होतंय आणि थंड करताना ३२ ला. पाच वेळा करून पाहिलं.”

मी घाईत होतो. परीक्षेचे दिवस. मी म्हणालो, “अगं, पुस्तकात ३५ दिलंय ना? आणि तुझी सरासरीही ३५ च येतेय. मग ३५ लिही की!”

“मग सर, ३८ आणि ३२ कुठे लिहू?”

“ते कशाला लिहायचं? परीक्षक उगाच प्रश्न विचारतील.”

तिने ३५ लिहिले. प्रकल्प अहवालाची बांधणी झाली, परीक्षक खूश झाले, गुणही चांगले पडले. आणि सगळे संपले.

पुढच्या वर्षी कपाट आवरताना मला तिची कच्ची वही सापडली. चाळता चाळता एका पानावर मी थांबलो. एके दिवशी गावात विजेचा दाब कमी होता, म्हणून ठोकळा फार सावकाश तापला होता. नेहमी मिनिटाला २ अंश चढणारा तापमापक त्या दिवशी तीन मिनिटांत जेमतेम २ अंश चढत होता. तिने तो थंडही तितकाच सावकाश केला होता. आणि त्या दिवशीची रीडिंगे होती ३६ आणि ३४. शेजारी तिने पेन्सिलीने लहानसे प्रश्नचिन्ह काढले होते.

तुमच्या लक्षात आले का? तापमापक ठोकळ्यात होता, द्रव दोन काचांच्या मध्ये. उष्णतेला ठोकळ्यातून द्रवापर्यंत पोहोचायला वेळ लागत होता. तापवताना ठोकळा पुढे आणि द्रव मागे, म्हणून रीडिंग ३८. थंड करताना ठोकळा आधी थंड आणि द्रव अजून ऊबदार, म्हणून ३२. फरक ६ अंशांचा. तापवण्याचा वेग एक तृतीयांश केला, तर फरक किती व्हावा? एक तृतीयांश, म्हणजे २ अंश. ३६ आणि ३४! आकडे चोख जुळत होते. इतकेच नव्हे, तर मिनिटाला २ अंश या वेगात ३ अंशांचा मागासलेपणा म्हणजे द्रव ठोकळ्याच्या दीड मिनिट मागे आहे, हेही त्यातून निघत होते. हे दीड मिनिट जगातल्या कोणत्याही पुस्तकात छापलेले नव्हते. तो आमच्या ठोकळ्याचा आणि आमच्या काचांचा गुणधर्म होता. ती मुलगी त्याच्यापासून एका पावलावर होती, आणि मी तिला सरासरी काढायला सांगून तिथून परत फिरवले.

मी पुढच्या तुकडीकडून तीन मिनिटांना एक अंश या वेगाने तो प्रयोग करून घेतला. रीडिंगे आली ३५.५ आणि ३४.५. फरक एक अंश, ठरल्याप्रमाणे. पण ते श्रेय माझे नव्हते आणि त्या तुकडीचेही नव्हते. ती विद्यार्थिनी तोवर बँकेच्या परीक्षांकडे वळली होती. तिने तसे करण्यात काही गैर नाही. परंतु विज्ञान म्हणजे पुस्तकातले उत्तर परत मिळवणे, एवढाच धडा ती माझ्याकडून घेऊन गेली असेल, तर तो चुकीचा होता, हे मला या पानांवरून सांगितलेच पाहिजे.

उत्तर बरोबर, पण विज्ञान कुठे?

या गोष्टीतली सर्वांत फसवी बाब पाहा. ३५ हे उत्तर चूक नव्हते. ते अगदी बरोबर होते! म्हणूनच कोणाला शंका आली नाही. आपल्या परीक्षा उत्तर तपासतात. उत्तरापर्यंत पोहोचण्याची वाट तपासत नाहीत. बरोबर उत्तर खोट्या वाटेने मिळाले तरी पूर्ण गुण, आणि चुकीचे उत्तर प्रामाणिक वाटेने मिळाले तर शून्य. असा हिशेब असेल तर हुशार मुलगा कोणती वाट धरील, हे सांगायला नको.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. प्रत्येक न जुळणारा आकडा म्हणजे नवा शोध, असे समजू नका. शंभरात नव्व्याण्णव वेळा आपलीच चूक असते. घड्याळ उशिरा दाबलेले असते, मोजपट्टी तिरपी धरलेली असते. पण ती चूक शोधून काढणे हेच तर प्रयोगाचे शिक्षण आहे. खोडरबराने चूक नाहीशी होत नाही. तिचा पत्ता तेवढा नाहीसा होतो. आणि शंभरातला तो एक आकडा रायनिट्झरचा असतो.

“हे सगळे परदेशात होते, आपल्याकडे नाही,” असे कोणी म्हणेल. त्यांना मी एक नाव सांगतो : शिवरामकृष्ण चंद्रशेखर. (नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वेगळे, दोघेही सर चं. व्यं. रामन यांचे भाचे-पुतणे.) शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९५१ साली आपल्या नागपूर विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची एम. एस्सी. पदवी घेतली आणि मग ते बंगलोरला रामन यांच्या संस्थेत संशोधक विद्यार्थी म्हणून गेले. तेथे त्यांचा पहिला विषय होता स्फटिकांतून जाताना ध्रुवित प्रकाशाची दिशा कशी वळते, हा. १९७१ पासून त्यांनी त्याच संस्थेत द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. तोपर्यंत माहीत असलेल्या अशा द्रव स्फटिकांचे रेणू प्रामुख्याने काडीसारखे लांबट असत. १९७७ साली चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश या तिघांनी चकतीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रव स्फटिक होतात, हे दाखवून दिले. नाण्यांच्या चवडीप्रमाणे हे रेणू एकावर एक रचले जातात. हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो भारतातच निघणाऱ्या ‘प्रमाण’ या नियतकालिकात. पुढे अशाच चकतीसारख्या रेणूंचे पातळ थर एलसीडी पडद्यांवर बसवण्यात आले, कडेने पाहिले तरी चित्र नीट दिसावे म्हणून.

शिक्षकांशी दोन शब्द

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. वर्गात साठ-सत्तर मुले, अभ्यासक्रम संपवण्याची घाई आणि समोर दहावीची परीक्षा. “संशोधन कधी करून घ्यायचे?” असे तुम्ही विचाराल. मी वेगळा तास मागत नाही. मागतो ते एवढेच.

पहिले, प्रयोगाची निरीक्षणे शाईने लिहायला लावा. चुकले तर एक रेघ मारावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. दुसरे, प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी ‘काय जुळले नाही?’ असा एक रकाना ठेवा आणि त्याला दोन गुण द्या. तिसरे, विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलात तर झगमगत्या प्रतिकृतीसमोर उभे राहून मुलांना विचारा, “तुम्हाला काय अपेक्षित होते आणि काय निघाले?” ज्या मुलाजवळ याचे उत्तर असेल, त्याची प्रतिकृती पुठ्ठ्याची असली तरी बक्षीस त्याला द्या. आणि चौथे, जे मला सर्वांत जड गेले ते : “मलाही ठाऊक नाही, आपण पाहू या” असे वर्गात म्हणायला लाजू नका. त्या दिवशी मी एवढे एक वाक्य म्हटले असते, तर पुरे होते.

तुमच्या हातातला प्रयोग

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेत ५ सीबी नसेल. हरकत नाही. त्याच प्रकाशविज्ञानाचा एक प्रयोग घरी करा. शाळेतल्या संगणकाचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करून ठेवा. या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो. काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे थर लावा. एका ठिकाणी एक थर, शेजारी दोन, मग तीन, असे आठपर्यंत. सर्व थर एकाच दिशेने लावा. तो तुकडा पडद्यासमोर थोडा तिरपा फिरवून धरा आणि पोलरॉइडच्या चष्म्यातून पाहा. निरनिराळे रंग दिसतील! चिकटपट्टी तयार करताना तिचे लांबच लांब रेणू एका दिशेने ताणले गेलेले असतात. त्यामुळे तिलाही दोन वक्रीभवनांक असतात आणि थरांची जाडी जसजशी वाढेल तसतसा रंग बदलतो. आता चष्मा ९० अंशांनी फिरवा. प्रत्येक रंगाचे काय होते ते लिहून ठेवा.

रंग पाहून आनंद होईलच, पण तिथेच थांबू नका. तक्ता करा. किती थरांनंतर तोच रंग पुन्हा येतो? दोन थर एकमेकांना आडवे लावले तर? दुसऱ्या दुकानातून आणलेल्या चिकटपट्टीचे रंग तेच येतात का? या प्रयोगाची खरी गंमत अशी की, तुमच्या चिकटपट्टीचे उत्तर कोणत्याही पुस्तकात, कोणत्याही मार्गदर्शिकेत छापलेले नाही. शेजाऱ्याच्या वहीतही ते नाही, कारण त्याची पट्टी वेगळी आहे. जुळवायला समोर काही नसल्यामुळे खोडरबराचा उपयोगच नाही. तुम्ही पाहिले तेच उत्तर! आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही जो आकडा लिहाल, तो सर्वस्वी तुमचा असेल.

कोणी विचारील, याला संशोधन म्हणायचे का? जगाला नवे ते मोठे संशोधन, हे खरे. पण ज्याचे उत्तर आधी ठाऊक नाही असा प्रश्न विचारणे, मोजणे आणि जसे दिसले तसे लिहिणे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. ती शाळेत अंगी लागली नाही, तर पुढे कितीही मोठी प्रयोगशाळा मिळाली तरी तिथे आपण शेजाऱ्याची वहीच शोधत बसू.

एक इशारा : चालू उपकरण उघडू नका, आणि लेझरच्या किरणाकडे, अगदी तो काचेवरून परावर्तित झालेला असला तरी, कधीही पाहू नका. लेझरचे प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावेत.

त्या विद्यार्थिनीची कच्ची वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. दर वर्षी प्रकल्प सुरू होण्याच्या दिवशी मी ती नव्या विद्यार्थ्यांना उघडून दाखवतो. तिचे नाव सांगत नाही. फक्त ३६ आणि ३४ हे आकडे आणि त्यांच्या शेजारचे ते प्रश्नचिन्ह दाखवतो. मग सांगतो, “तुमच्या वहीत असे एखादे प्रश्नचिन्ह आले, तर ते घेऊन माझ्याकडे या. मी घाईत असलो तरी या.”

तुमच्या वहीत असे प्रश्नचिन्ह आहे का? असेल तर उद्याच आपल्या सरांना किंवा बाईंना दाखवा. आणि आज रात्री निजण्यापूर्वी एक करा : कंपासपेटीतले खोडरबर चित्रकलेच्या तासासाठी बाजूला काढून ठेवा. विज्ञानाच्या वहीला त्याची गरज नाही.